अकरा दिवस बॅकअप नाही

मला रमजान चढत नाही, असं रकिया दरवर्षी सगळ्यांना बजावायची. पोटात अन्न नाही, कॉफी नाही, सिगारेट नाही, म्हणून भर रस्त्यात एकमेकांची गचांडी धरायला लावणाऱ्या चिडीसाठी मोरोक्कोत एक शब्दच आहे, तरमदीना. ही सगळी पुरुषांची थेरं, असं रकियाचं ठाम मत होतं. नववा रोजा होता. सकाळी साडेअकराला याच रकियाने कीबोर्ड उचलून टेबलावर असा आपटला, की त्याची दोन बटणं उडून थेट दारापर्यंत गेली.

कारण तसंच होतं. अझरूच्या बाजारामागे बायकांच्या जमीन संघटनेची जी एक खोली होती, तिथला एकुलता एक कॉम्प्युटर सकाळपासून आतून कट्‌कट् आवाज करत होता. डिस्क मरायला टेकली की असा आवाज येतो, हे रकियाला माहीत होतं. ती घाबरली नव्हती. रोज दुपारी बारा वाजता बॅकअप आपोआप सुरू होतो आणि सगळ्या फायलींची नक्कल दूरच्या सर्व्हरवर जाते. तिच्या भाच्याने, जवादने, तशी सोय करून दिली होती. पडद्यावर काळी खिडकी उघडायची, एक ओळ टाइप करायची, आणि शेवटची नक्कल कधी गेली ते बघायचं. तिने बघितलं. शेवटची नक्कल रमजान लागायच्या आधीच्या शुक्रवारची होती. त्यानंतर अकरा दिवस काहीच गेलं नव्हतं.

आणि लाल्ला तामोची साक्ष त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, घेतलेली होती.

जमातीच्या सामाईक जमिनीत बायकांनाही वाटा मिळावा, यासाठी संघटनेचा खटला चालू होता. कागद कुठेच नव्हते. आपल्या आईच्या आईला त्या जमिनीवर नांगर धरताना डोळ्यांनी पाहिलेली एकच बाई उरली होती, ती तामो, जिला सगळे आदराने लाल्ला म्हणत. नव्वदी पार केलेली ही म्हातारी डोंगरावरून खेचरावर बसून खाली आली आणि कॅमेऱ्यासमोर पावणेदोन तास बोलली. कुठल्या ओढ्यापासून कुठल्या कातळापर्यंत कुणाचा हात चालत होता, सगळं नावानिशी. पाचव्या रोजाला ती वारली. आता ती साक्ष जगात एकाच ठिकाणी होती, आणि तिथून कट्‌कट् आवाज येत होता.

रकियाने बॅकअप हाताने सुरू करायचा हुकूम पुन्हा टाइप केला. काळ्या खिडकीत एकच शब्द उमटला, अयशस्वी.

"अयशस्वी म्हणे! का ते सांग ना, मुर्दाडा!" ती पडद्यावर ओरडली.

खिडकीजवळ इत्तो बायकांच्या यादीचे कागद लावत बसली होती. तामोची ही नात संघटनेचं टायपिंग करायची. आजीच्या दुखवट्याचे तीन दिवस उरकून ती आजच कामावर परतली होती. डोळे अजून सुजलेलेच होते.

"लाल्ला रकिया, पेन ड्राइव्हवर टाकून बघू या का?"

"टाकून बघितलंय. एवढी मोठी फाईल त्यात मावत नाही म्हणतो. अन् हम्मादच्या दुकानात मोठी डिस्क आहे, पण तो पठ्ठ्या दुपारच्या असरच्या नमाजापर्यंत शटर खाली ओढून घोरत असतो. अजून काही अक्कल पाजळायचीय?"

इत्तो पुन्हा कागद लावू लागली. रकियाने इंटरनेटची तार काढून पुन्हा घातली. नेट चालू होतं, बातम्या उघडत होत्या. पासवर्डाची चिठ्ठी काढून एकेक अक्षर ताडून बघितलं. ते बरोबर होतं. सर्व्हरवर जागा संपली असेल म्हणून तेही बघितलं. जागा भरपूर होती. डोकं कॉफीवाचून ठणकत होतं, आणि त्या कट्‌कटीत मध्येच एक घरघर यायला लागली होती.

"तू याच्यात काही घातलंस का?" ती एकदम इत्तोकडे वळली. "लग्नातली गाणीबिणी? कुठला तरी व्हायरस आणला असशील."

"मी फक्त यादी टाइप करते."

"फक्त यादी! रोज तूच बसतेस इथे. बिघडलं की मात्र कुणीच हात लावलेला नसतो."

तिने कासाब्लांकाला जवादला फोन लावला. तो झोपेतच होता.

"मावशी, रमजानात बाराच्या आत फोन करणं पाप आहे, माहीत आहे ना?"

"पाप गेलं चुलीत. तुझा बॅकअप मेलाय. डिस्क घरघरतेय. बंद करून चालू करू का?"

"अजिबात नाही!" जवादची झोप उडाली. "एकदा बंद झाली तर परत उठायची नाही. बसलेल्या जागेवरून हलवूही नकोस. काय लिहून येतंय?"

"अयशस्वी."

"एवढंच? हां... मीच त्याला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. तू म्हणालीस ना, पडद्यावर इंग्रजी पाल्हाळ नको म्हणून."

"म्हणजे आता माझीच चूक? गाढवा, आजाराचं नाव लपवतो असा डॉक्टर कुणी ठेवतं का?"

"शिव्या नंतर घाल. ओळीच्या शेवटी एक शब्द आहे तो खोड, आणि पुन्हा हुकूम दे. तो का भांडतोय ते आता सांगेल."

या वेळी काळ्या खिडकीत दहा-बारा ओळी धडाधड पडल्या. रकियाने शेवटची ओळ अडखळत फोनवर वाचून दाखवली. सर्व्हरचं म्हणणं होतं, की तुमच्या मशीनची वेळ आणि माझी वेळ यांत फार अंतर आहे, मी काही घेणार नाही.

"वेळ?" जवाद म्हणाला. "मशीनवर किती वाजलेत?"

"बाराला दहा कमी."

"आणि तुझ्या मोबाइलवर?"

"तेच. बाराला दहा कमी. वेळ अगदी बरोबर आहे, जवाद, माझं डोकं खाऊ नकोस!"

पलीकडे जवाद उठून बसल्याचा आवाज आला.

"बरोबर आहे? मग तिथेच घोळ आहे. मावशी, तो डबा जुना आहे, त्याला रमजान कळत नाही. सरकारने रमजानापुरतं घड्याळ तासभर मागे घेतलं तरी तो पुढच्याच वेळेवर अडून बसतो. दर रमजानात तू मला फोन करून त्याच्या नावाने बोटं मोडतेस. यंदा मोडलीस का?"

रकियाने आठवून बघितलं. यंदा खरंच तिने फोन केला नव्हता.

"कुणीतरी त्याचे काटे हाताने तासभर मागे ढकललेत. तुला दिसायला बरोबर, पण आतून तो अजून एरवीच्याच वेळेचा हिशेब सांगतो, म्हणून सर्व्हरच्या लेखी तो तासभर मागे पडलाय. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त फरक असला की सर्व्हर दारातही उभं करत नाही. कोण आहे हा शहाणा?"

रकियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शहाणा कोण हे शोधायला लांब जायची गरजच नव्हती. फोन हातात तसाच धरून ती खिडकीकडे फिरली.

"तूच! रोजा सुटायला किती वेळ उरलाय ते बघायला केलंस ना? नीट वेळ दिसावी म्हणून?"

"मी नाही केलं."

"खोटं बोलू नकोस! दोघीच आहोत आपण इथे. चारशे बायकांचा खटला आहे हा, कळतंय का? ती बाई एवढ्या वयात खेचरावरून आली आणि तू एका बटणाने तिला पुसून टाकलंस. माती चार दिवसांपूर्वी टाकलीस, पण आजीला पुरलंस ते आज."

इत्तोच्या हातातले कागद खाली पडले. ते तिने उचलले नाहीत. फोनमधून जवाद "मावशी, मावशी" करत राहिला.

इत्तो खिडकीजवळून उठून बोलली. आवाज चढला नव्हता.

"मशीनची वेळ बदलायला वेगळा पासवर्ड लागतो, लाल्ला रकिया. माझा चालत नाही. तो तुम्ही कुणालाच दिलेला नाही."

रकियाने पडद्याच्या कोपऱ्यातल्या वेळेकडे पाहिलं. आणि मग तिला शनिवार आठवला.

त्या दिवशी इत्तो आली नव्हती, खोलीत ती आणि म्हातारी दोघीच होत्या. तामो खुर्चीत बसली, तिने पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ निरखली आणि तोंड मिटून घेतलं. तिथे दहा वाजले होते. तामोचे नऊ वाजले होते. डोंगरातली माणसं जुन्या वेळेनेच जगतात, सरकारने काटे कितीही पुढे ढकलले तरी. "मी अल्लाची शपथ घेऊन खरं बोलायचं, आणि माझ्यासमोर ह्या डब्याने खोटं सांगायचं?" तामो म्हणाली होती. "आधी त्याला नीट कर." वीस मिनिटं ती हटून बसली. शेवटी रकियाने चरफडत पासवर्ड टाकला आणि काटे तासभर मागे नेले. तामो बोलायला लागली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, सगळ्या देशानेच रमजानसाठी घड्याळं मागे घेतली, ते जुळून गेलं आणि रकिया विसरूनही गेली.

"जवाद," ती फोनमध्ये म्हणाली, "मीच केलं होतं."

"बरं. आता पुढे घे. पटकन."

तिने वेळ तासभर पुढे घेतली आणि हुकूम दिला. काळ्या खिडकीत आकडा हलला. एक टक्का. डिस्क घरघरली, थांबली, परत फिरली. दोन टक्के. दोघी जणी उभ्याच राहिल्या. चाळीसवर आकडा इतका वेळ अडला की रकियाने ओठ चावून रक्त काढलं. सत्तरला डिस्क किंचाळल्यासारखी झाली. दीड तास लागला. शेवटी फाईल पोचल्याची ओळ आली. जवादने आपल्या बाजूने ती उघडून बघितली आणि फोनवर सांगितलं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं आहे.

रकिया खुर्चीत कोसळली. राग अजून अंगात तसाच होता, फक्त तो काढायला समोर कुणी उरलं नव्हतं.

"इत्तो," ती म्हणाली. "मला माफ कर. रमजान आहे..."

"रमजानला मध्ये आणू नका." इत्तोने आपली पिशवी खांद्याला लावली. ती दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली. "आजी त्या शनिवारी घरी आल्यावर काय म्हणाली, सांगू? म्हणाली, नव्वद वर्षांत पहिल्यांदा हापिसातल्या कुणीतरी माझ्या घड्याळाप्रमाणे आपलं घड्याळ लावलं. त्या रकियाला माझा सलाम सांग. मी तेच सांगायला आले होते आज सकाळी. तुम्ही बोलूच दिलं नाहीत."

रकिया खुर्चीतून उठायला गेली.

"उद्या येईन मी. यादी पुरी करायचीय," इत्तो म्हणाली. "आजीचा सलाम मात्र तुम्हाला आज देत नाही."

ती पायऱ्या उतरून बाजाराकडे निघून गेली.