जनम का दुखना

चूक झाली असं म्हणून सुटू नका. चूक नव्हती ती. तुम्ही विम्याची कंपनी चालवता, आणि एका बाईच्या तोंडातला शब्द तुम्ही उचलून नेलात. त्याचा अर्थ तुम्हाला कळला नाही. कळून घ्यायचाही नव्हता, कारण न कळण्यातच तुमचा फायदा होता. तुमच्या काचेच्या खोलीत बसून कोणीतरी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली, आणि तो माणूस चहा प्यायला गेला असेल. ती बाई अजून त्या शब्दापाशीच उभी आहे.

बाईचं नाव सत्यशीला. तिचा नवरा कवडू इकडे हिंदी मुलखात, हथखोजच्या एका कारखान्यात छपराच्या लोखंडी कैच्या बनवायच्या कामावर, सव्वीस वर्षं झाली. दिवाळीच्या पुढेमागे क्रेनच्या साखळीतून एक चॅनल, म्हणजे जड लोखंडी पट्टा, सरकला. खाली दोन पोरं उभी होती, म्हणून यानं खांदा लावला. पोरं वाचली. याच्या जांघेत काहीतरी फाटल्यासारखं झालं. घरी येऊन बोलला नाही. जागाच अशी, बोलणार कसा? तीन महिने कंबरेला घट्ट फडकं बांधून कामावर गेला. मग एक दिवस आंघोळीच्या वेळी सत्यशीला पाठ घासायला गेली, तर फडकं सुटलेलं आणि जांघेत कांद्याएवढा गोळा.

"हे काय वो?"

"काई नाई. गॅस असंल."

"गॅस तिथं रायते?"

जवळच जुनवानीला डॉक्टर भूपेंद्र चंद्राकरचा लहानसा दवाखाना आहे. त्यानं हात लावून पाहिलं आणि सांगितलं, हर्निया आहे, ऑपरेशन करून टाका. उशीर केलात आणि आतडं अडकलं तर जिवावर येईल.

कवडू घाबरला नाही. त्याच्याकडे कार्ड होतं. बँकेतल्या साहेबानं गळ्यात मारलेला विमा. अकरा वर्षं दर एप्रिलला खात्यातून हप्ता कापला जायचा आणि अकरा वर्षांत या माणसानं एक गोळीही त्यावर घेतली नव्हती. कार्डाला प्लास्टिक चढवून घेतलं होतं. काउंटरवर ते ठेवताना त्याची छाती जरा पुढे आली, हे सत्यशीलानं पाहिलं.

भरतीच्या खोलीत एक नवा डॉक्टर फॉर्म भरत होता. पोरगा बाहेरगावचा, आमची बोली न कळणारा, हिंदी बोलणारा. त्यानं विचारलं, "दर्द कब से है?"

कवडू खाली पाहत राहिला. नर्स समोर, मुलगी प्रेरणा समोर, आणि हा जांघेचं विचारतोय. त्याची लाज झाकायला सत्यशीला पुढे झाली. ती नेहमी अशीच पुढे व्हायची. थट्टेनं खोली हलकी करायची तिला सवय होती. घरी ती दिवसातून दहादा म्हणायची, "यायचं तं जलमाचंच दुखनं हाय बाप्पा." कधी डोकं, कधी गुडघा, कधी भाजीत मीठ कमी. ज्यानं आमच्याकडची बाई नवऱ्याबद्दल बोलताना ऐकली आहे त्याला हे सांगावं लागत नाही.

तेच तिनं हिंदीत केलं. "अरे साहब, इनका तो जनम का दुखना है!"

नर्स हसली. प्रेरणा हसली. कवडूसुद्धा हसला. पोरगाही हसला, आणि हसता हसता त्यानं लिहिलं.

दवाखान्यानं तो फॉर्म मंजुरीसाठी विमा कंपनीला पाठवला आणि संध्याकाळी उत्तर आलं. प्रेरणानं मोबाईलवर वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"काय म्हनून राहिले?"

"रिजेक्ट कर दिया, मा. बाबाचा रोग जन्मजात आहे म्हणे. जन्मजात रोगाले पैसे नाई भेटत."

"जन्मजात मंजे?"

"जन्मापासून. लिखा है, मरीज़ की पत्नी के बयान के अनुसार."

कवडू पलंगावरून म्हणाला, "माह्या जलमाच्या वक्ती हे लोक हजर होते काय?" कोणी हसलं नाही.

सत्यशीला पदर तोंडात कोंबून बाहेर जिन्यात जाऊन बसली. सव्वीस वर्षं ज्यानं लोखंड उचललं त्याचं दुखणं तिनं आपल्या जिभेनं जन्माचं करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी चंद्राकरनं स्वतः तपासून लिहून दिलं की हर्निया तीन महिन्यांचा आहे, वजन उचलल्यानं झालेला आहे. प्रेरणानं ते पाठवलं, कंपनीला फोन केला, अर्धा तास होल्डवरचं गाणं ऐकलं. शेवटी एकजण म्हणाला, पहिला जबाब तोच खरा धरतात. नंतर सुधारलेलं चालत नाही. थट्टा होती हो, प्रेरणा म्हणाली. थट्टेसाठी फॉर्मवर रकाना नाही, तो म्हणाला. खरंच असं म्हणाला.

त्या दुपारी गोळा कडक झाला. चंद्राकरनं दाबून पाहिलं आणि मायलेकींना आपल्या खोलीत बोलावलं.

"कार्ड छोड़ो. नगद कर लो. आज ही कर देता हूँ, बयालीस हज़ार में."

प्रेरणा चमकली. "पर कंपनीला तर तुम्ही एक लाख दस हजार लिहून पाठवलं होतं."

डॉक्टर पंख्याकडे पाहू लागला. "वो छह-छह महीने पैसा रोकते हैं बेटा, फिर आधा काटते हैं. तो हमको भी जोड़ के भेजना पड़ता है. सीधा दोगे तो सीधा लूँगा."

सत्यशीलानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. हात चांगला, बोलणं गोड, माणूस वाईट नाही. "मंजे माही थट्टा त्यायनं खरी धरली. तुमचं खोटं त्यायच्या हिशोबातच बसते."

डॉक्टरनं घंटी वाजवून ऑपरेशनची खोली तयार करायला सांगितलं.

वरच्या खोलीच्या स्लॅबसाठी ठेवलेले पैसे होते. ते गेले. ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी कवडू घरी आला, दोन महिन्यांनी कामावर गेला. कारखान्याच्या मालकानं त्याला आता स्टोअरला बसवलं आहे. नटबोल्ट मोजतो. माणूस उभा राहिला, म्हणाल तर सगळं बरं झालं.

पण घर मुकं झालं. सत्यशीला तोलून बोलू लागली. शेजारीण विचारायची, कसं आहे आता यायचं? ही सांगायची, "काल दुपारपासून थोडं दुखते, उजव्या बाजूनं." शिव्या नाहीत, थट्टा नाही. भाजीत मीठ कमी पडलं आणि कवडू मुद्दाम कुरकुरला, तरी ती गुमान मिठाची बरणी पुढे सरकवायची.

एक दिवस त्यानं ताट बाजूला सारलं. "प्रेरणाची माय, दोन शिव्या तं घाल माह्यावर."

"नको. कोनी लिहून घेतलं तं?"

"घरात कोन लिहून घेते?"

"तिथं बी वाटलं नोतं मले."

एप्रिलमध्ये हप्ता परत कापला गेला. पाठोपाठ फोन आला. कवडू कामावर, म्हणून सत्यशीलानं उचलला. पलीकडे विमा कंपनीची गोड आवाजाची, हिंदी बोलणारी पोरगी. विमा चालू ठेवल्याबद्दल आभार, आणि सेवेला आपण पाचपैकी किती गुण द्याल?

सत्यशीलानं गॅस बंद केला. पाटावर बसली. तिला पहिल्यांदाच वाटलं की आता तोलून बोलायचं नाही.

"बाई, माह्या मालकाले तुमच्या कोन्या डॉक्टरनं हात लावून पायलं होतं?"

"मैम, हिंदी में बोलिए प्लीज़."

"हिंदीतच बोलली होती म्या. त्याचंच तं हे झालं. समजनारा असंल तं बलाव."

"मैम, मैं आपको होल्ड पर—"

"होल्डवर नोको टाकू. मी कुठीच जात नाई, आज सैपाक नाई झाला तरी चालंन. तुमच्या कागदात लिवलं हाय, त्याचा रोग जलमापासूनचा. बरं, मानलं. मंग ज्या दिवशी इमा काढला त्या दिवशी बी तो रोग होताच ना? तवा पैसे घेताना कोनी काऊन नाई इचारलं? अकरा वर्स कायचे पैसे घेतले तुमी? आन आता बारावे कायचे घेतले? सांग. तू नाई तं तुह्या साहेबाले सांगाले लाव. मी ऐकून राहिली."