पाच माणसांची स्प्रिंग

गुरुवारी सकाळी आनंदराज हणमंते यांनी गेट उघडलं तेव्हा गाडी मागच्या उजव्या चाकावर टेकली होती, बसलेल्या म्हशीसारखी. एरवी सुरू केली की दोन मिनिटांत उठायची. त्या दिवशी डिकीखालचा कंप्रेसर थोडा वेळ घरघरला आणि गप्प झाला. बोर्डावर लाल दिवा लागला. सोमवारी लातूरला जायचं होतं.

आनंदराज पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले होते. गाडी जर्मन, नऊ वर्षं जुनी, हैदराबादच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली. तिच्या चाकांवर लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या, हवेचे चार रबरी फुगे होते. रस्त्यातला खड्डा ते फुगे स्वतःतच जिरवत. घेतली तेव्हा ती नुसती ऐट होती. दोन महिन्यांपासून ती गरज झाली होती.

त्यांची बायको बुद्धप्रिया हिच्या छातीतला कॅन्सर मणक्यात उतरला होता. लातूरच्या दवाखान्यात दर सोमवारी सलाइनमधून औषध द्यायचं, असे बारा सोमवार. सात झाले होते. तिला बसवत नव्हतं. मागच्या सीटवर आडवी होऊन, कमरेखाली उशी घेऊन ती जायची आणि यायची. एकदा भाड्याची गाडी करून पाहिली, तर लोह्यापर्यंत तिने चावून ओठ फोडून घेतला होता.

नांदेडात हे औषध मिळत नव्हतं असं नाही. पण नांदेडातल्या प्रत्येक दवाखान्यात ओळखीचं कोणीतरी होतंच. मुलीची, सृष्टीची, सोयरीक देगलूरच्या एका घरात जमत आली होती.

"आईला झालं म्हणजे पोरीला होतं, असंच म्हणतील," बुद्धप्रिया म्हणाली होती. "साखरपुडा होऊ द्या. मग माईक लावून सांगा."

म्हणून लातूर. शेजाऱ्यांना सांगायला गुडघेदुखी होती. ॲम्ब्युलन्स दारात आली असती तर गुडघेदुखी टिकली नसती.

देगलूर नाक्याजवळच्या गॅरेजमध्ये गाडी टोचन लावून नेली. रामकिशन मिस्त्री मूळचा कंधारचा. तो चाकाखाली शिरला आणि तिथूनच बोलला.

"फुगा फाटलाय साहेब. त्याला हवा भरू भरू कंप्रेसर बी जळाला. कंपनीचं मागवलं तर दीड महिना."

"सोमवारी पाहिजे."

"मग एकच इलाज हाय. चारी फुगे काढून फेकायचे. लोखंडी स्प्रिंग अन् शॉकप टाकायचे. हैदराबादहून शनिवारी माल येतो." तो बाहेर आला, हात पुसले. "असल्या चार गाड्या केल्यात मी. एक मालक म्हणला, रामकिशन, आधी गाडीला उठवावं लागायचं, आता गाडी मला उठवती."

"चालेल. करा."

"स्प्रिंग तीन वजनाच्या येतेत. हलकी, मधली, भारी. मागं कोण बसतंय? किती माणसं?"

सहा महिन्यांपासून ते या एका गोष्टीवर कुणाशीही खरं बोलले नव्हते.

"घरचेच. पाच जण, सामान. देगलूरला कार्य आहे मुलीचं."

रामकिशनने उघड्या दारातून मागच्या सीटकडे पाहिलं. तिथे उशी होती, चादर होती, आणि पुढच्या सीटच्या पाठीमागच्या खिशात उलटीसाठी दुमडून ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या होत्या.

"पाच माणसं," तो म्हणाला. "भारी टाकू मग."

रविवारी संध्याकाळी गाडी तयार झाली. आनंदराजांनी खिशातून टेप काढली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारी बाजूंनी मोजली. फरक कुठेही अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त नव्हता. कितीतरी दिवस गाडी रोज सकाळी वाकडी पाहण्याची सवय झाली होती. ती सरळ उभी पाहून त्यांना बरं वाटलं.

"लाल दिवा?"

"त्यो ऱ्हाणार. गाडीला वाटतंय फुगे हायेत." रामकिशनने दिव्यावर काळी पट्टी चिकटवली. "आता दहा वर्ष बघायचं काम न्हाई."

नाक्याला वळसा घालून आल्यावर आनंदराज म्हणाले, "थोडी उडते."

"रिकामी उडतीच साहेब. पाच माणसं बसली की पाण्यावानी चालती."

सोमवारी सहाला ते निघाले. बुद्धप्रियाचं वजन त्या आठवड्यात अडतीस किलो होतं.

पहिल्या गतिरोधकावर गाडी उचलली गेली आणि आपटली. मागून काही आवाज आला नाही. दुसऱ्यावर आला.

"अहो, हळू."

"वीसवर आहे."

"मग दहावर घ्या."

दहावर घेतली. मागचे ट्रकवाले हॉर्न देऊ लागले. लोह्यात आनंदराजांनी गाडी एका दुकानासमोर थांबवली आणि सिमेंटच्या सहा गोण्या मागितल्या. पाच माणसांचं वजन तीनशे किलो धरलं होतं. खात्यात असताना पुलांवर भार ठेवून चाचणी घेत, तसा हिशेब त्यांनी मनात केला.

दुकानदार डिकीत वाकून हसला. "असल्या गाडीत सिमीट? काय साहेब, बंगला बांधून ऱ्हायलात का?"

"हो."

गोण्यांनी मागची बाजू थोडी दबली. माळाकोळीपर्यंत बरं गेलं. सव्वाआठ वाजले होते. दवाखान्यातली वेळ नऊची होती. पुढे रस्ता खणलेला होता, वळण कच्च्यातून काढलं होतं. तिथे बुद्धप्रिया ओरडली. सहा महिन्यांत ती पहिल्यांदा ओरडली. आनंदराजांनी गाडी कडेला घेतली आणि मागचं दार उघडलं. तिने उशीची कड दातात धरली होती.

"परत फिरवा."

"अहमदपूर येईलच. अर्धं आलोय आपण."

"अर्धं आलोय म्हणजे अर्धं राहिलंय. आणि मग पुन्हा सगळं. मी भांडत नाही हो. मला जमत नाही."

त्यांनी गाडी फिरवली. घरी पोचायला साडेतीन तास लागले.

दुपारी ते गॅरेजमध्ये गेले. रामकिशन जेवायला बसला होता. आनंदराजांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. बाहेरच्या माणसाला सांगण्याची ती पहिलीच वेळ होती. रामकिशनने हातातला घास डब्यात परत ठेवला.

"हलकी टाकली असती साहेब. हलकीत बाई झोपून गेल्या असत्या."

"फुगे? तीन तर चांगले होते."

"काढताना कापले. नळ्या बी कापल्या. भंगारवाला घेऊन गेला." मग खाली बघत तो म्हणाला, "मला उशी दिसली व्हती. पिशव्या दिसल्या व्हत्या. माझी माय अशीच गेली, मला कळतंय. पण तुम्ही म्हणलात, कार्य हाय. मोठा माणूस सांगून ऱ्हायलाय, त्याला कसं म्हणू की खोटं बोलायलात?"

"म्हणायचं होतं."

"हाव. म्हणायचं व्हतं."

हलक्या स्प्रिंगा दिल्लीहून यायच्या होत्या, बारा दिवस लागणार होते. आनंदराजांनी त्या मागवल्या आणि दवाखान्यात फोन केला. डॉक्टर म्हणाले, एखादा आठवडा चुकला तर बघू, दोन चुकले तर औषध लागू पडणार नाही. आपल्या गावात घ्या, चिठ्ठी देतो. आनंदराजांनी बुद्धप्रियाला विचारलं, नांदेडातच घेऊ का. साखरपुड्याला तेरा दिवस होते.

"तेरा दिवसांसाठी सहा महिने पाण्यात घालू?" ती म्हणाली. "आणि आता मी त्या गाडीतही बसणार नाही, कुणाच्याही नाही. सात झाले. पुरे."

सृष्टी दोन दिवस रडली, मग साखरपुडा मोडते म्हणाली. तेव्हा बुद्धप्रियाने तिला आजारी पडल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने दटावलं. मधला सोमवार आला आणि गेला, घरात कुणी त्या वाराचं नाव घेतलं नाही.

साखरपुड्याच्या रविवारी गाडीत पाचजण होते: आनंदराज, सृष्टी, आत्या धुरपताबाई, मामा विनोद आणि मामी रेणुका. डिकीत साडीचं खोकं, पेढे, फळांच्या पाट्या. आईचे गुडघे फार धरलेत, असं देगलूरला सांगायचं ठरलं होतं. बुद्धप्रियाजवळ मोठी बहीण तारामती थांबली होती.

नाका ओलांडताना रामकिशनचा फोन आला.

"साहेब, हलक्या स्प्रिंगा आल्या. उद्या आणता का गाडी?"

"ठेवून द्या," आनंदराज म्हणाले.

धुरपताबाई मागे मधोमध बसल्या होत्या. नरसीच्या पुढे त्यांना झोप लागली आणि मान विनोदच्या खांद्यावर पडली. रस्ता नेहमीसारखाच खराब होता. गाडी त्यावरून पाण्यासारखी चालली. एका मोठ्या खड्ड्यात चाक उतरून वर आलं तरी आत्या जाग्या झाल्या नाहीत. विनोद म्हणाला, "काय गाडी आहे दाजी! उगाच म्हणता बिघडली." सृष्टीने खिडकीकडे तोंड फिरवलं.

साखरपुडा ठरल्याप्रमाणे झाला. गुडघ्यांबद्दल व्याह्यांनी दोनदा विचारलं, एक तेलही सांगितलं.

घरी आल्यावर आनंदराज पलंगाजवळ बसले. बुद्धप्रियाने अंगठी कशी होती ते विचारलं, पोरगा काय बोलला ते विचारलं. मग म्हणाली, "आणि गाडी कशी चालली?"

"कडकच आहे," ते म्हणाले. "आत्या तर सगळ्या रस्त्याने कण्हत होत्या."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि डोळे मिटले. "मी आले असते तर हाल झाले असते."