सूर्यात तुटलेला नववा खंड

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही एक वाक्य बोलत आहात. चांगले लांब, महत्त्वाचे वाक्य. ते अर्ध्यावर आले असताना कुणीतरी तुमच्या तोंडावर हात दाबला आणि उरलेले वाक्य उचलून वरच्या मजल्यावर नेऊन ठेवले. आता डोळे उघडा. कसे वाटले? मला तसे वाटायला लागून बरीच वर्षे झाली.

मी एका जुन्या ज्ञानकोशाचा नववा, म्हणजे शेवटचा खंड आहे. खरे सांगायचे तर त्याचा पहिला अर्धा भाग आहे. मी 'श'पासून सुरू होतो आणि 'सूर्य' या नोंदीत, वाक्याच्या मध्यावर, संपतो. गोडगोड ऐकायचे असेल तर दुसऱ्या पुस्तकाकडे जा. माझा ज्यांच्यावर राग आहे त्यांच्याविषयी मी रागानेच बोलणार.

आधी जन्माचे सांगतो, कारण तेवढा भाग चांगला होता. एका म्हाताऱ्या बाइंडरने आमचे सुटे फर्मे छापखान्यातून आणले. फर्मा म्हणजे मोठा छापील कागद घड्या घालून केलेली पानांची जुडी. अशा जुड्या एकीवर एक ठेवायच्या, मधल्या घडीतून सुई घालून शिवायच्या, की पुस्तक तयार होते. म्हातारा दोऱ्याला मेण लावून तो नखावर ओढून पाहत असे. मग कण्याला सरस, वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर गडद लाल कापड. नऊ खंड बांधून झाल्यावर त्याने आपल्या दोन मुलांना जवळ बोलावले.

"हे गिऱ्हाइकाचं नाही, घरचं आहे," तो म्हणाला. "माणसाला आजवर जे कळलं ते यात आहे. पण एका खंडात नाही बरं का. सगळे मिळून."

पोरांनी माना डोलावल्या. मान डोलावणे फार सोपे असते.

तेव्हा माझ्या पोटात काय काय होते! शंख होता, शनीची कडी होती, शिलालेख आणि शून्य होते. संन्यास, सत्य, समुद्र आणि साप होते. पलीकडच्या अर्ध्या भागात सूर्यफूल, स्वप्न, हत्ती आणि हिमयुग होते. सगळ्यात शेवटची नोंद होती 'ज्ञान'. दोघे भाऊ पालथे पडून मला उघडत. थोरल्याला साप हवा असे, धाकट्याला हत्ती. भांडत तेव्हाही, पण डोक्याला डोके लावून.

म्हातारा गेला आणि घरात वाटणी झाली. खालचा मजला थोरल्याला, वरचा धाकट्याला. कापायचे यंत्र खाली, दाबयंत्र वर. आतल्या जिन्याच्या माथ्यावरच्या दाराला खालून कुलूप लागले आणि वरून कडी. वाटणी करायला त्यांचे मामा आले होते. भांडीकुंडी झाली, खुर्च्या झाल्या, मग पाळी आली आमची. खेळात गडी निवडावेत तसे दोघांनी आळीपाळीने एकेक खंड उचलले. आठ संपले आणि मी उरलो.

"नववा माझा. मी मोठा आहे," थोरला म्हणाला.

"मोठा होतास, तर बाबा आजारी असताना कुठे तोंड लपवून बसला होतास?"

"तुला काय करायचाय हा? तू कधी दुसरं पान उलटलंयस?"

"मला नसला तरी चालेल," धाकटा म्हणाला, "पण तुला मिळायला नको."

मामा वैतागून उठले. "मग फाडा लेको अर्धा अर्धा!"

मित्रांनो, मोठी माणसे वैतागून जे बोलतात ते खरे धरायचे नसते. या दोघांनी धरले. बरे, रागाच्या भरात टराटरा फाडले असते तर मी एक वेळ माफ केले असते. पण हे बाइंडरचे मुलगे! त्यांनी मला टेबलावर आडवे ठेवले. कापड अलगद सोडवले, सरस ओला करून खरवडला, फर्मे मोजले. थोरल्याने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि धाकट्याने पाते घेऊन बरोबर मधला दोरा कापला. एका पानालाही ओरखडा नाही. दोघांनी मिळून केलेले ते शेवटचे काम, आणि इतके सुबक काम त्यांनी त्याआधी कधी केले नव्हते.

त्या कापात कोणती नोंद आली, हे दोघांपैकी एकानेही पाहिले नाही.

पुढच्या वर्षांचे काय सांगू? माझ्याकडे सत्य राहिले आणि ज्ञान वर गेले. अर्धे पुस्तक कपाटात शोभत नाही, म्हणून थोरल्याने मला कामाच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सारले. तिथून मला रोज जे ऐकू येई तेच माझे शिक्षण झाले. वर धाकटा हातोडीने पुस्तकांचे कणे ठोकू लागला की खाली छताची धूळ पडे. मग थोरला झाडूचा दांडा छतावर आपटे.

"हळू ठोक! माणसं राहतात खाली!"

"हो का? मला वाटलं नुसती धूळच राहते!" वरून उत्तर येई.

दोघांच्या पाट्या एकाच भिंतीवर होत्या आणि दोन्हींवर म्हाताऱ्याचेच नाव होते. गिऱ्हाईक चुकून बाहेरचा जिना चढले तर खालचा पुटपुटे, आणि चुकून खाली थांबले तर वरचा खिडकीतून खाकरे. पाने चिकटवताना एकाचा सरस संपला तर तो चार गल्ल्या पलीकडून आणी, पण जिन्याचे दार वाजवत नसे.

थोरल्याला एक मुलगी होती. एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की तिची भुणभुण थांबत नसे, म्हणून घरात सगळे तिला भुंगी म्हणत. वर धाकट्याचा मुलगा होता. पावलांचा आवाज न करता कुठेही हजर होई, म्हणून तो बोका. दोघांनी एकमेकांशी बोलायचे नाही, असा दोन्ही मजल्यांचा हुकूम होता. दोन्ही मजल्यांचे एकमत झालेले तेवढे एकच.

एके दिवशी शाळेच्या फाटक्या पुस्तकांचा मोठा गठ्ठा दुरुस्तीला आला. नव्या कण्यांना आतून चिकटवायला जुन्या, चिवट कागदाच्या पट्ट्या लागतात. थोरल्याने इकडेतिकडे पाहिले आणि शेवटी टेबलाखाली पाहिले.

"भुंगे, तो अर्धवट काढ बाहेर. पायाखाली लाकडाची चीप सार. मी ही तयार झालेली पुस्तकं पोचवून येतो, मग याच्या पट्ट्या कापू."

मला अर्धवट म्हणणारा तो. मला अर्धवट करणाराही तोच.

भुंगीने मला बाहेर ओढले, फ्रॉकने धूळ पुसली आणि बाप चपला शोधत होता तेवढ्यात शेवटचे पान उघडले. ते सूर्याचे होते. माणसांनी सूर्याला कुठे रथात बसवले आणि कुठे नावेत, हे तिने वाचले. सूर्य म्हणजे तापून लाल झालेला दगड आहे असे म्हणणाऱ्या एका ग्रीक तत्त्ववेत्त्यावर कसा खटला भरला, तेही वाचले. सूर्य आपल्याच पोटातला वायू जाळत राहतो, हे वाचून ती जरा थांबली. मग शेवटची ओळ आली. 'आणखी सुमारे पाचशे कोटी वर्षांनी पोटातले हे इंधन संपत येईल, तेव्हा सूर्य'

तिने पान उलटले. पुढे नुसता सरस वाळलेला होता.

"बाबा, सूर्याचं काय होणार?"

"कुठल्या सूर्याचं?"

"किती सूर्य आहेत आपल्याकडे? इथे लिहिलंय, पाचशे कोटी वर्षांनी सूर्य. आणि संपलं!"

"पाचशे कोटी वर्षं आहेत ना अजून? मग जेवून घे."

"पण पुढचं पान कुठाय?"

थोरल्याने वर छताकडे बोट केले. "त्याच्याकडे."

"मग मी विचारून येऊ?"

"पाय मोडून ठेवीन."

"काकांना नाही, बोक्याला विचारते."

"बोक्याला नाही, काकाला नाही, त्यांच्या जिन्यालाही नाही!"

"मग मला कसं कळणार?"

"नाही कळलं तर मरत नाहीस," थोरला म्हणाला आणि पुस्तकांचा गठ्ठा खांद्यावर टाकून बाहेर पडला.

मित्रांनो, मी रागीट आहे हे मी आधीच सांगितले. पण त्या क्षणी जेवढा राग आला तेवढा दोरा कापतानाही आला नव्हता. सूर्य राहणार आहे की नाही, हे एका मुलीला कळू नये, कारण उत्तर भावाच्या घरात आहे! आणि थोड्या वेळात तर प्रश्नाच्याही पट्ट्या होणार होत्या.

भुंगी मला छातीशी धरून जिना चढली. जिन्यावरच्या खिडकीतून तिरपे ऊन येत होते. ती बंद दाराशी बसली. दाराखाली बोटभर फट होती. तिने फटीला तोंड लावले आणि माझी शेवटची ओळ मोठ्याने वाचली. "आणखी सुमारे पाचशे कोटी वर्षांनी पोटातले हे इंधन संपत येईल, तेव्हा सूर्य."

पलीकडून कुणीतरी म्हणाले, "फुगेल."

"काय?"

"फुगेल. माझं पान तिथूनच सुरू होतं. 'फुगेल, लाल होईल आणि जवळच्या ग्रहांना गिळून टाकेल.' म्हणजे तो सूर्य होय? मला इतके दिवस वाटत होतं, बेडूक."

"बेडूक ग्रह गिळतो?"

"मग मला काय माहीत? नाव तुमच्याकडे, फुगणं आमच्याकडे!"

"बेडूक 'ब'मध्ये येतो, गाढवा."

"'ब' तुमच्याकडेच आहे ना? मी कुठून बघू?"

भुंगी हसली, मग फटीजवळ आणखी वाकली. "आपल्यालाही गिळेल?"

"थांब, पान आणून वाचतो. 'पृथ्वी वाचेल की नाही याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. मात्र त्याच्या फार आधी वाढत्या उष्णतेने समुद्र आटून जातील.'"

"समुद्र माझ्याकडे आहे," भुंगी म्हणाली.

"सांभाळ मग. आमचा हत्ती गेला. बाबांनी परवा त्याच्या पट्ट्या केल्या. एका स्वयंपाकाच्या पुस्तकाच्या कण्यात आहे आता."

"याच्याही करणार आहेत. बाबा परत आले की लगेच."

मग भुंगीने फटीत हात घातला. "तुझा अर्धा दे इकडे."

"का म्हणून? तुमच्या घरात? परत देशील?"

"नाही देणार. शिवून एक झाल्यावर परत काय देऊ?"

"बाबा मला सोलून काढतील."

"मला पण."

"मग ठीक आहे," बोका म्हणाला.

अख्खा अर्धा भाग फटीतून येणार नव्हता. बोक्याने त्याचा दोरा उसवला आणि पहिला फर्मा फटीतून ढकलला. कितीतरी वर्षांनी माझे वाक्य माझ्या शेजारी येऊन पडले. मित्रांनो, माझ्यावर दया करू नका. मला पुसून कपाटात ठेवू नका, लाल कापडही नको. मागणे एकच आहे. तुमची भांडणे तुम्ही खुशाल भांडा, पण वाक्य जिथे तुटले असेल तिथे पुढे काय होते ते विचारा. उत्तर नावडत्या माणसाच्या घरात असले तरी विचारा. खास करून तेव्हाच विचारा.

खाली दुकानाचे दार वाजले. थोरला परत आला होता. टेबलावर मी नाही हे पाहून तो हाका मारत जिना चढला. त्याच्या हातात पट्ट्या कापायची सुरी होती. त्याच वेळी दारापलीकडून धाकट्याचा आवाज आला. "बोक्या! दाराशी काय करतोयस? काय सरकवलंस खाली?"

एका दाराच्या दोन बाजूंना दोन बाप, आणि दोघांच्या पायाशी एकेक मूल.

"काय चाललंय हे?" थोरला ओरडला. "कुणाचं आहे ते?"

"नवव्या खंडाचं," भुंगी म्हणाली.

"तिकडचं आहे ते! ठेव खाली!"

भुंगीने खिशातून मेण लावलेला दोरा आणि सुई काढली. ती सुईचे नाक शोधू लागली, पण बाप नेमका खिडकीसमोर उभा होता आणि तिच्या हातांवर त्याची सावली पडली होती.

"बाबा, जरा सरका ना," ती म्हणाली. "ऊन अडतंय."

थोरला सरकला. का सरकला, ते त्याचे त्याला ठाऊक. माझ्या पानांवर ऊन आले. भुंगीने सुईत दोरा ओवला, माझा शेवटचा फर्मा आणि वरून आलेला पहिला फर्मा एकमेकांवर नीट बसवला आणि पहिला टाका सूर्यातून घातला.