उजव्या हाताचं यार्ड

ब्लाऊज शिवायला टाकताना बायका हमखास सांगतात, "थोडं टाइटच ठेवा ताई, मी आता बारीक होणारे." बाळकुममध्ये इतकी वर्षं मशीन चालवतेय, पण ब्लाऊजच्या भरवशावर बारीक झालेली बाई अजून पाहायची आहे. मी "हो हो" म्हणते आणि टेप सांगेल तेच माप घेते. आपल्याच घरात असलं गिऱ्हाईक निघेल असं मात्र वाटलं नव्हतं.

आमचे हे, म्हणजे हरिहर, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. जन्म कल्याणचा. लहानपणी शाळा सुटली की पुलावर उभं राहून मालगाड्यांचं यार्ड बघायचं, हा ह्यांचा खेळ. रिटायर झाल्यावर तेच यार्ड छोट्या रुळांवर घरात मांडायचं असं कधीपासून ठरलं होतं. आमची अक्षदा लग्न होऊन डोंबिवलीला गेली, तिची खोली मोकळी झाली. प्लायवूड आलं, रुळांची खोकी आली, आणि खोकी फोडायच्या आधीच ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला.

बोलणं वाचलं, पायही सावरला. उजवा हात मात्र हट्टी मुलासारखा अडून बसला. व्यायाम घ्यायला येणारी रुचिता एकदा स्पष्टच बोलली, "काका, डावा हात लई शहाणा झालाय तुमचा. उजव्याला तुम्ही कामच देत नाय. आत्ता वापरला नाय ना, तर मेंदू विसरूनच जाईल त्याला. मग मी पण काय नाय करू शकणार."

हे मान हलवायचे आणि तिची पाठ वळली की हात पुन्हा झब्ब्याच्या खिशात. एकदा जावयासमोर आमटीची वाटी हातून पडली होती, तेव्हापासून तो हात कुणासमोर बाहेर येईना, माझ्यासमोरही नाही. मला त्या खिशाचा इतका राग यायचा की सगळ्या झब्ब्यांचे उजवे खिसे शिवून टाकावेत असं मनात यायचं. भीतीही वाटायची. हात खरंच विसरला गेला तर?

यार्डचा नकाशा ह्यांनी डाव्या हातानेच कॉम्प्युटरवर काढला. खऱ्या मापाच्या प्रिंट काढून त्या प्लायवूडवर चिकटवल्या आणि मला बोलावलं. पाच लाइनी शेजारी शेजारी आखल्या होत्या.

"हा सांधा," हे म्हणाले. "इथे रूळ फुटतो. आतली ही दोन निमुळती पाती जराशी सरकतात आणि अख्खी गाडी दुसऱ्या लाइनीला जाते. असे सांधे एकापुढे एक लावले की शिडी होते, आणि प्रत्येक पायरीला एक लाइन निघते."

त्यांनी नमुन्याचा सांधा माझ्या हातात दिला. मी पाती बोटाने सरकवली. नखाएवढीसुद्धा हलली नाहीत, पण वाट बदलली होती. जन्म ठाण्यात गेला, रोज गाड्या बघितल्या, आणि एवढ्या मोठ्या गाडीचं जाणं-येणं एवढ्याशा पात्यांवर असतं हे कधी मनातही आलं नव्हतं. मी खरंच थक्क झाले. पुन्हा पुन्हा सरकवत राहिले.

"पुरे, झिजेल ते," हे म्हणाले, पण खूश होते.

मग मी खोक्यातले मालगाडीचे तीन डबे घेऊन मधल्या तीन लाइनींवर शेजारी शेजारी ठेवले आणि मधला उचलायला गेले. माझं बोटच आत जाईना.

"अहो, डबा पडला तर उचलणार कसा?"

"वरून, दोन बोटांच्या टोकांनी. नाजूक हात लागतो."

"कुणाचा?"

मी गळ्यातला टेप काढला, ह्यांचा खिशातला हात बाहेर ओढला, त्याच्या आखडलेल्या बोटांत डबा दिला आणि गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं माप घेतलं.

"एवढी जागा लागते. दोन लाइनींतलं अंतर वाढवा."

"अंतर वाढवलं की शिडी लांबते, गाडी उभी करायला जागा उरत नाही. पाचवी लाइन तर जातेच!" ह्यांचा आवाज चढला. "आणि हात काय असाच राहणार आहे? बरा होणार आहे तो!"

"होईल तेव्हा होईल! आज कुठला हात आहे तुमच्याकडे? त्याला बसेल असं करा ना!"

हे खुर्ची फिरवून बसले. जेवताना बोलले नाहीत, चहालाही नाही. मीही तोंड उघडलं नाही. मी काही कमी हट्टी नाही.

दुसऱ्या दिवशी मी फॉल लावत बसले होते, तर आतून हाक आली. प्लायवूडवर नवा कागद होता. लाइनी चारच, पण ऐसपैस.

"तुझं माप घातलंय," हे कागदाकडे बघत म्हणाले. मग डाव्या हाताने फळीची कड दाखवली. सांधे बदलायच्या मुठी तिथे ओळीने आखल्या होत्या, सगळ्या उजव्या अंगाला. ते मी सुचवलं नव्हतं.

काम सुरू झालं. उजवा हात आधी नुसता रूळ दाबून धरायला आला, वजन ठेवावं तसा. मग रूळ ठोकायचे बारीक खिळे पुढे सरकवायला लागला. निम्मे खाली सांडायचे. मी माझ्या पिनांचं लोहचुंबक त्यांच्याजवळ नेऊन ठेवलं. रुचिता बघून म्हणाली, "काका, हे मी सांगितलं असतं तर केलं असतं का?"

रविवारी पहिली गाडी निघाली. उजव्या हाताने मूठ ओढली, दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली. गाडी शिडीवर वळली, मधल्या एका रिकाम्या लाइनीत शिरली, आणि शेवटचा डबा सांध्यावर उडून दोन भरलेल्या लाइनींमध्ये आडवा पडला.

माझा हात आपसूक पुढे गेला.

"थांब."

उजवा हात हळूहळू खाली उतरला. अंगठा एका बाजूने, बोट दुसऱ्या बाजूने. शेजारचे डबे हलले, पण पडले नाहीत. डबा उचलला गेला, घसरला, पुन्हा उचलला गेला. ह्यांच्या कपाळावर घाम होता. खरीखुरी सबंध मालगाडी उचलावी तसं मला ते दिसत होतं. पुढची चाकं बसली. मग मागची.

हे स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता दुसरा पाड."

मी पाडला.