तोतारामच्या टाकीचं टोपण

लढाईच्या दिवसांत धुळ्यात पेट्रोलला तुपाहून जास्त मान आला होता. कूपन दाखवल्याशिवाय ते दिसतही नसे. मोतीलालशेठची धुळे-साक्री मोटार पूर्वी रोज धावायची, ती आता आठवड्यातून एकदाच, साक्रीच्या बाजाराच्या दिवशी मंगळवारी जायची. ती चालवायचा तोताराम, आणि पेट्रोलची टाकी होती नेमकी त्याच्या बैठकीखाली. गादी उचलायची, टोपण फिरवून काढायचं, पेट्रोल ओतायचं, टोपण लावायचं आणि वर आपण बसायचं.

त्या टोपणाने तोतारामला जेरीस आणलं होतं. आतली बुचाची चकती झिजून गेलेली, रस्ता खड्ड्यांचा. गाडी उसळली की पेट्रोल हिंदकळायचं, टोपणातून उडायचं आणि धोतर भिजवायचं. घरी गेला की बायको, ताईबाई, नाकाला पदर लावून म्हणायची, "आते चुल्हाजोगे बसू नका. पेटी जाशात."

ते एक वेळ चाललं असतं. पण एके दिवशी शेठने टाकीत काडी बुडवून पाहिली, काडीकडे पाहिलं, तोतारामकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "तोताराम, हे पेट्रोल मुरतं तरी कुठे?" चोर म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. नुसत्या विचारण्याशी माणूस काय भांडणार? तोताराम रात्रभर कुशी बदलत राहिला.

नवं टोपण मुंबईहून यायचं, आणि मुंबईला टोपणांपेक्षा मोठ्या काळज्या होत्या. म्हणून तोतारामनेच कंबर कसली. जुन्या मोटेचं चामडं कापून त्याने टोपणाला चकती बसवली. टोपण उजेडात धरलं तेव्हा मधोमध बाजरीच्या दाण्याएवढं भोक दिसलं. "सापडला चोर!" तो ओरडलाच. आपल्याकडे भांड्याला भोक दिसलं की माणूस डाख द्यायला निघतो. भोकाला कुणी विचारत बसत नाही, की बाबा रे, तू इथे कशासाठी आलास? धुळ्याच्या पाचकंदील चौकाजवळ उखर्डू डबे झाळत बसायचा. त्याच्याकडून तोतारामने भोकावर कथलाचा चांगला जाड डाख घालून घेतला. टोपण असं घट्ट बसलं की पेट्रोल सोडा, वाससुद्धा बाहेर येईना. तोतारामने मिशांना पीळ दिला.

हे झालं सोमवारी. दुसऱ्या दिवशी मंगळवार, आणि बुधवारी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

आता आखाजीला लेक माहेरी नसली तर खानदेशातल्या आईला घास गोड लागत नाही, हे काय सांगायला हवं? तोतारामची एकुलती सुपडी साक्रीला दिलेली. गेल्या आखाजीला तिच्या सासरी सुतक होतं म्हणून राहिलं. यंदा विहीण कमलबाईने निरोप धाडला होता, की मंगळवारी दिवसाउजेडी न्या. दिवेलागणीनंतर सून घराबाहेर काढणार नाही, आणि बुधवारी तर मुळीच नाही. अट सोपीच होती. सकाळी जायचं, दुपारी सुपडीला मोटारीत घालून परत यायचं. ताईबाईने दारातल्या लिंबाला आखाजीचा झोका बांधूनही टाकला.

धुळं मागे पडलं आणि कुसुंब्याच्या अलीकडे मोटार खोकली, आचके देऊन गप्प झाली. तोतारामने प्लग काढून घासले. गादी उचलून टोपण उघडलं, काडी बुडवली, पेट्रोल भरपूर. टोपण आवळून लावलं, हँडल मारलं, मोटार सुरू! "प्लग होते," त्याने उतारूंना ऐटीत सांगितलं.

कुसुंबा ओलांडून थोडं जातात न जातात तोच पुन्हा तेच. आता प्लगना नावं ठेवायला जागा नव्हती. तोतारामने नळी सोडवली, तोंडाने फुंकली, तोंडभर पेट्रोल थुंकला. पुन्हा टोपण उघडून काडी बुडवली, पुन्हा घट्ट लावलं. मोटार सुरू. "नळीत कचरा होता," तो म्हणाला, पण ऐट जरा कमी झाली होती.

नेरच्या अलीकडे ती तिसऱ्यांदा बसली, तेव्हा उतारूंच्या जिभा सुटल्या. कुणी म्हणालं नारळ फोड, कुणी म्हणालं दृष्ट लागली. बैलबाजाराला निघालेले म्हातारे कौतिकआबा झाडाखाली ऐसपैस बसून म्हणाले, "मना बैल चारा खास आन चालस. त्याले कोनी हँडल मारत नई." तोतारामच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने कार्ब्युरेटर खोलला. त्यातला एक बारका स्क्रू धुळीत पडला आणि भर उन्हात सगळी मोटार रांगत स्क्रू शोधू लागली. सापडेपर्यंत सूर्य डोक्यावरून कलला. तोतारामच्या डोळ्यांपुढे साक्रीचा उंबरठा दिसत होता आणि त्यावर नटूनथटून बसलेली सुपडी. त्याला रडू येत होतं, आणि रडता येत नव्हतं म्हणून तो मोटारीला शिव्या देत होता. सगळं जोडून त्याने सवयीने टाकीत काडी बुडवली, टोपण लावलं आणि मोटार अशी सुरू झाली, जणू तिला कधी काही झालंच नव्हतं.

नेर सोडल्यावर ती चौथ्यांदा मेली. आता उतारू थांबले नाहीत. बाजार केव्हाच उठायला लागला असणार. कुणी येणाऱ्या बैलगाडीत चढलं, कुणी पायी निघालं. शेवटी कौतिकआबा उठले, धोतर झटकलं. "तोताराम, तुनी मोटार तुले लखलाभ. मी पायी जास."

रस्त्यावर तोताराम एकटा उरला. ऊन उतरलेलं, माणूस नाही, आवाज नाही. त्याने वैतागून गादी फेकली आणि टोपण फिरवलं.

सुस्स!

टाकीने हवा आत ओढली. दिवसभर हा आवाज होत असणार, पण उतारूंच्या कलकलाटात कुणाला ऐकू येणार? तोतारामने टोपण घट्ट लावलं, हँडल मारमार मारलं, ढिम्म. टोपण सैल केलं, हँडल मारलं, मोटार सुरू.  घासलेटच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल पडत नाही, हवा जायला दुसरं पाडावं लागतं. हे ताईबाईला ठाऊक होतं, गल्लीतल्या बायकांना ठाऊक होतं, त्याला स्वतःला ठाऊक होतं. टाकीचं ते दुसरं भोक त्याने हौसेने डाख देऊन बुजवलं होतं. त्याने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, आणि चांगली जोरात मारली.

टोपण अर्धवट लटकत ठेवून तो सुटला. पेट्रोल उडत होतं, उडू दे. खड्डा म्हटला नाही, दगड म्हटला नाही. पण सूर्याला हँडल थोडंच असतं? साक्रीत शिरला तेव्हा घराघरांत दिवे लागले होते.

कमलबाई दारातच उभ्या होत्या. बाई वाईट नव्हती, हेच वाईट होतं. "दिवा लागी गया, व्याही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आन सकाय बुधवार. जाशी बुधी तं येशी कधी? मी कशी धाडू?" मग त्याचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनीच समजूत घातली, "लढाई शे, पेट्रोल भेटत नई. तुम्ही तरी काय करशात?"

हो म्हटलं असतं तर सुटका होती. साऱ्या जिल्ह्याने ते खरं मानलं असतं. पण आतून सुपडी बाहेर आली, नवं लुगडं नेसलेली, आणि तोतारामच्या तोंडून खोटं निघेना.

"टाकी भरेल व्हती, विहीनबाई," तो म्हणाला. "मनीच अक्कल सरी गयती."

सुपडीने टाकीचं विचारलं नाही, मोटारीचं विचारलं नाही. दिवसभर उंबरठ्यावर बसून तिचे डोळे शिणले होते. ती एवढंच म्हणाली, "आबा, मले वाटनं, तुम्ही मले ईसरी गयात."

 तोतारामने तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, आणि तो कोपरापर्यंत काळाकुट्ट झालेला दिसला तेव्हा नव्या लुगड्याकडे पाहून तसाच खाली घेऊ लागला. सुपडीने तो खाली जाऊ दिला नाही. दोन्ही हातांनी धरून तिने तो आपल्या डोक्यावर ठेवून घेतला, आणि मग कुठे ती रडायला लागली.