कपाटातले सहा सूक्ष्मदर्शक

हेडसर माइकवर तिसऱ्यांदा म्हणाले, की देश पुढं न्यायचा तर शिक्षण हवं आणि ज्यानं त्यानं स्वतः पुढाकार घ्यायला हवा. मागं उभ्या असलेल्या लॅबमावशींनी कपाळाला हात लावला. सव्वीस वर्षं त्या या शाळेची प्रयोगशाळा सांभाळत होत्या आणि दर नव्या शालेय वर्षाच्या पहिल्या सकाळी हेच ऐकत होत्या. पालथ्या घड्यावर पाणी, असं ऐकणाऱ्याला म्हणतात. इथं बोलणाऱ्याचाच घडा पालथा होता.

अकरा वर्षांपूर्वी शाळेला सहा सूक्ष्मदर्शक मिळाले. कंपनीच्या माणसानं लावून दाखवले, फोटो निघाले आणि हेडसरांनी ते कपाटात ठेवून किल्ली मावशींना दिली. विचारल्याशिवाय उघडायचं नाही, पोरी फोडतील. मावशी दरवर्षी विचारत, हेडसर दरवर्षी 'बघू' म्हणत. विज्ञानाच्या मॅडम तर शाळेत लागल्यापासूनच्या नऊ वर्षांत एकदाही मागायला आल्या नाहीत. फळ्यावर कांद्याच्या पेशी काढत, त्याही इतक्या देखण्या, की पोरींना वाटावं पेशी खडूच्याच असतात. मावशींचा खरा राग त्यांच्यावर होता. हेडसर पडले भूगोलाचे, त्यांचं सोडा; पण या बाईनं तरी भांडायला नको?

महिनाअखेरीला मावशी निवृत्त होणार होत्या. त्याआधी पोरींनी एकदा त्या नळीतून बघावं, एवढंच त्यांना हवं होतं.

भाषण संपल्यावर त्यांनी सरळ जाऊन कपाट उघडलं, प्लास्टिक फाडलं आणि एकेक सूक्ष्मदर्शक उजेडात धरला. पाचांच्या भिंगांना बुरशी लागली होती. पुसून पाहिली, पण आतून धरलेली ती, निघते कशाला? पोरी फोडतील म्हणून जपलेल्या वस्तू कपाटानंच खाल्ल्या होत्या. हेडसरांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. किल्ली अकरा वर्षं कुणाच्या कमरेला होती?

सहावा तेवढा बरा निघाला. मावशींनी कोपऱ्यावरून कांदा आणला, त्याचा पापुद्रा काचेवर पसरला, वर आयोडीनचा थेंब टाकला आणि मॅडमना न विचारताच नववीच्या मुलींना बोलावून आणलं. मॅडमही मागोमाग आल्या. चाळीस मुलींची रांग लागली. पहिली डोळा लावून बसली ती उठेचना, दुसरीनं तिला अक्षरशः ढकललं.

अकरावी मुलगी बघत होती, तेव्हा हेडसर दारात आले.

"कुणाला विचारून उघडलं?"

"तुम्हीच सकाळी म्हणालात, पुढाकार घ्या."

"ते मी मुलींना म्हणालो."

"त्यांनी घेतलाच असता, सर. पण किल्ली माझ्याकडं होती."

हेडसरांनी हात पुढं केला. किल्ली द्या, मुलींना वर्गात पाठवा आणि दुपारपर्यंत लेखी खुलासा द्या. सव्वीस वर्षांत मावशींवर खुलासा लिहायची वेळ आली नव्हती. जाता जाता तेही नशिबी आलं, असं म्हणत त्यांनी कमरेची किल्ली काढली.

"सर, माझा नंबर यायचाय अजून."

रांगेच्या शेवटाकडून विज्ञानाच्या मॅडम बोलल्या. हेडसर म्हणाले, मुलींचं नंतर बघू.

"मुलींचं नाही, माझं म्हणते आहे. मी हे कधी पाहिलेलंच नाही. आमच्या कॉलेजातही कपाटातच होतं. मागायला आले असते, तर मला लावता येत नाही हे सगळ्यांना कळलं असतं."

चाळीस मुली मॅडमकडं बघत राहिल्या. नऊ वर्षं जपलेला राग आता ठेवावा कुठं, मावशींना कळेना. किल्ली टेबलावर टाकून त्यांनी स्टूल पुढं ओढलं. "या, बसा. हा स्क्रू हळूहळू फिरवा. घाई नाही कुणाला."

मुली आपसूक बाजूला झाल्या. मॅडमनी डोळा लावला. स्क्रू हळूच मागंपुढं फिरवला. मग तिथूनच, मान न उचलता, म्हणाल्या, "मावशी, केंद्रक मधोमध नाहीये हो. कडेला आहे. आणि मी नऊ वर्षं मधोमध काढतेय."

मावशींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मुलींना जरा थांबायला सांगितलं.