चेअरमनच्या पाहुण्यांना लागलेला जॅमर

मी जॅमर बोलतोय. दचकू नका, तुमची गाडी मोकळी आहे. मी सध्या खुंटीला लटकलोय.

इथे सिंगापूरमध्ये मला क्लॅम्प म्हणतात. पण ज्या घराची हकिगत सांगणार आहे ते घर मूळचं पुण्याचं, म्हणून मीही स्वतःला जॅमरच म्हणतो. बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत, म्हणजे मोठ्या सोसायटीत, फाटकाजवळच्या गार्डच्या खोलीत माझा मुक्काम. अंगाला पिवळाधमक रंग, दोन जबडे आणि पोटात एक कुलूप.

पलीकडे मलेशियात, जोहोरच्या एका वर्कशॉपमध्ये मला जोडलं, तेव्हा वाटलं होतं, आपण एखाद्या जहाजावर जाणार, समुद्र पाहणार. लॉरीतून उतरवलं ते थेट या कॉन्डोच्या सभेत, टेबलावर! समोर खुर्च्यांवर पन्नासेक माणसं, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभे असलेले श्रीनिवास. ते तांजोंग पगारच्या एका बँकेत मोठे अधिकारी आणि आमच्या मॅनेजमेंट कमिटीचे चेअरमन.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बाहेरचे लोक पाहुण्यांच्या जागेत फुकट गाडी लावायचे आणि दिवसभर आपल्या कामाला निघून जायचे. खरे पाहुणे गोल गोल फिरत राहायचे. म्हणून नियम आला: पाहुण्यांची गाडी तीन तास. त्याच्या वर थांबली की मी, आणि दंड भरल्याशिवाय सुटका नाही. "सूट कोणालाच नाही," श्रीनिवास ठासून म्हणाले, "चेअरमनच्या पाहुण्यांनाही नाही." केवढ्या टाळ्या पडल्या! मला तर आपला सत्कारच चाललाय असं वाटलं.

माझं काम सुरू झालं आणि माणसं किती तऱ्हेची असतात ते कळलं. मला पाहिल्यावर पहिल्यांदा सगळे सारखेच करतात, गाडीभोवती एक चक्कर मारतात. जणू मागच्या बाजूने पाहिलं तर मी नसेनच. मग कोणी लाथ मारतं आणि स्वतःच विव्हळतं. कोणी माझा फोटो काढतं. "फक्त पाच मिनिटं झाली हो," असं तर प्रत्येकजण म्हणतो, अर्धा दिवस गाडी लावलेलाही.

मला लावणारे आमचे गार्ड हमीद अंकल. फार सरळ माणूस. लावताना जबडा चाकावर कधी आपटत नाहीत, हळूच टेकवतात.

एका रविवारी चार वाजता सेरंगूनहून एक निळी गाडी आली. गाडीत निशिकांत, त्यांची बायको आणि मुलगा तन्मय. निशिकांत मरीन इंजिनिअर, जन्म बोटींवर गेलेला. श्रीनिवासांच्या जाईचं आणि तन्मयचं एकमेकांशी जमलं होतं, आणि घरची मंडळी पहिल्यांदाच भेटणार होती. चहापुरतीच येणार असं ठरलेलं. हमीद अंकलनी गाडीचा नंबर टिपला, वेळ सांगितली.

वेळ संपत आली तशी अंकलनी इंटरकॉम लावला. पलीकडून श्रीनिवास म्हणाले, "येस येस, दे आर लीव्हिंग." आणि लगेच त्यांचाच आवाज, मराठीत, "अहो निशिकांतराव, उठताय काय? बसा! अळूवड्या तळायला घेतल्यात. जेवल्याशिवाय सोडणार नाही."

अंकलनी थोडी वाट पाहिली, पुन्हा फोन केला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कोणी उचललाच नाही. आत हास्याचा गडगडाट चालला असणार. अंकल माझ्याकडे बघत बसले, मी त्यांच्याकडे. मनात म्हटलं, आज काही आपल्याला उठवत नाहीत. आणि त्यांनी मला खुंटीवरून काढलं!

चेअरमनच्या व्याह्यांच्या गाडीला?

मंडळी खाली आली तेव्हा सुचित्राताईंच्या, म्हणजे श्रीनिवासांच्या बायकोच्या, हातात अळूवड्यांचा डबा होता. आधी मी दिसलो जाईला. ती जागच्या जागी थिजली. मग एकेकाची नजर माझ्याकडे वळली. श्रीनिवासांचा चेहरा असा पांढराफटक पडला की मलाच धडकी भरली.

निशिकांत हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "श्रीनिवासराव, आग्रह पुष्कळ पाहिलेत. पण गाडीला साखळदंड?"

निशिकांतांच्या बायकोने पर्स घट्ट धरली आणि तन्मय बुटांकडे बघू लागला. जाईच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी अगदी जवळून पाहिलं. सगळं जुळत आलेलं माझ्यापायी मोडणार की काय, या विचाराने मी हादरून गेलो.

"हमीद, रिमूव्ह इट," श्रीनिवास ओरडले. "दे आर माय गेस्ट्स!"

अंकल शांतपणे म्हणाले, "कॅन, सर. यू से, आय रिमूव्ह. बट अपस्टेअर्स मिसेस लिम्स डॉटर, दॅट डे... मदर सिक, शी कम टू फीड हर. आय आस्क यू, डोन्ट क्लॅम्प, कॅन? यू सेड नो."

"आमचं वेगळं आहे," श्रीनिवास म्हणाले.

"बाबा, यू कॅनॉट लाइक दॅट लह!" जाईचा आवाज फुटला; चिडली की ती अशी इथल्या बोलीत बोलते. "व्हॉट वेगळं?"

सुचित्राताईंनी डबा गाडीच्या टपावर ठेवला. "आजारी आईला भरवायला आलेली लेक? तिला तुम्ही हे लावलंत? मला बोलला नाहीत."

"अगं, नियम म्हणजे..."

"थांबा. मला एवढंच सांगा," त्या म्हणाल्या. "उद्या लग्न झालं की आपली जाई या घरी येईल. तेव्हा ती कोण? व्हिजिटरच ना? तिला तीन तास?"

चाकाला घट्ट बसलेला मी. मला हलता येत नाही. पण त्या क्षणी वाटलं, आपणच आपलं कुलूप उघडावं, खोटं नाही सांगत. लेक पाहुणी होणार, ही गोष्ट श्रीनिवासांना त्या दिवशी, पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये, माझ्यासमोर उभं राहून कळली. ते कॉन्डोच्या ऑफिसात गेले आणि कोणाचं न ऐकता स्वतः दंड भरून आले. मला काढल्यावर निशिकांत पुढे झाले, श्रीनिवासांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "लेक कधी येईल, किती थांबेल, ते आमच्याकडून कोणी मोजणार नाही."

लग्न झालं. छान झालं.

त्याआधीच श्रीनिवासांनी कमिटीपुढे प्रस्ताव मांडला होता, मुलामुलींच्या गाड्यांना वेळेचं बंधन नको. मला वाटलं, सुटलो. पण प्रस्ताव आपटला! लोकांनी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं: सूट कोणालाच नाही. इतकं पटवून ठेवलं होतं त्यांनी सगळ्यांना.

जाई आता दर रविवारी येते. गेल्या रविवारी वेळ भरत आली तसं अंकलनी नाइलाजाने मला हातात घेतलं. एवढ्यात लिफ्ट उघडली. पुढे श्रीनिवास, हातात जाईची पिशवी. मागे सुचित्राताई, "अहो, आमटीला उकळी फुटतेय, दोन घास तरी खाऊ दे तिला." जाईही रेंगाळत होती. ज्या माणसाने कधी कोणाला न जेवता उठू दिलं नाही, त्याने गाडीचं दार उघडलं आणि घड्याळाकडे बघत म्हटलं, "नीघ बाळा. वेळ झाली."

माझा अजून कानांवर विश्वास बसत नाही.

लोकहो, मी निर्जीव लोखंड, मला मत नाही. तुम्हाला आहे. तुमच्यापैकी कोणी ना कोणी कुठल्यातरी कमिटीवर असेलच. उद्या माझ्यासाठी हात वर करण्याआधी एकदा आपल्या लेकीची गाडी डोळ्यांसमोर आणा. आणि मग मला खुशाल गंजू द्या.